मोठ्या माणसांना छंदांचं इंग्लिश शिकवायचंय? शब्दकोडी अशी वापरा

मागची चार वर्षं मी सोलापुरात, पूर्व भागात, घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला इंग्लिशचा क्लास घेते. शाळेच्या मुलांचा नाही, मोठ्या माणसांचा. गणवेश शिवायच्या कारखान्यातल्या बायका, टॉवेलच्या कारखान्यातले दोघं-तिघं, मेडिकलच्या दुकानातला एक पोरगा, एसटीतून रिटायर झालेले एक काका, असे बारा-पंधरा जण असतात. कुणाला मुलाखतीत 'व्हॉट आर युवर हॉबीज' विचारलं की गप्प बसावं लागतं म्हणून शिकायचंय, काकांना अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर चार वाक्यं बोलायची आहेत, नातवाला मराठी समजतं पण तो उत्तर इंग्लिशमध्येच देतो.

छंदांचा धडा इंग्लिशच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच येतो. मी पण पहिल्या वर्षी तीस शब्दांची यादी फळ्यावर लिहिली, सगळ्यांनी सुंदर अक्षरात उतरवून घेतली आणि पुढच्या आठवड्यात तीसातले चार शब्द पण कुणाला सांगता येईनात. मग शब्दकोड्यांकडे वळले, तिथंही वर्षभर चुका केल्या. तुम्ही नव्याने क्लास सुरू करताय, किंवा घरी आईला, सासूबाईंना शिकवताय, तर तुमचं ते वर्ष वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय. एक गोष्ट आधीच सांगते, कोडं सुटलं म्हणजे धडा झाला असं नाही. कोड्यातला शब्द त्या माणसाच्या तोंडून त्याच्या स्वतःच्या वाक्यात आला की मग धडा झाला. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

काय काय लागेल

- चौकटीची वही, लहान मुलांना गणितासाठी घेतो ती. कोडं आखायला याच्यापेक्षा सोपं काही नाही.
- प्रत्येकाला पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको. मोठ्या माणसांना खाडाखोड दिसली की लाज वाटते आणि मग ती लिहायचंच बंद करतात.
- फळा किंवा व्हाइटबोर्ड.
- झेरॉक्स काढायची सोय. चौकट मोठी आखा, निम्म्या लोकांना चाळिशीचा चष्मा असतो आणि तो बऱ्याचदा घरी राहिलेला असतो.
- शिकणाऱ्यांसाठीची इंग्लिश डिक्शनरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींची वेबसाइटवर फुकट आहे, उच्चारही ऐकता येतो. मोठी जाड डिक्शनरी नको, तिच्यात सोप्या शब्दाचा अर्थ अवघड शब्दात दिलेला असतो.
- कॉम्प्युटर असेल तर पझलमेकर ही वेबसाइट किंवा हॉट पोटॅटोज हे कॅनडातल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीत तयार झालेलं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. नसेल तरी काही अडत नाही, मी आजही बरीच कोडी हातानेच आखते.

१. 'छंद' हा शब्द बाजूला ठेवा आणि रविवारबद्दल विचारा

पहिल्या दिवशी मी विचारलं, तुमचे छंद काय? एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला कसला छंद ओ मॅडम, सकाळी कामावर, रात्री भाकऱ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि धडा तिथंच संपला. छंद म्हणजे शिकल्या-सवरल्या, रिकाम्या लोकांचं काहीतरी, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं.

आता मी असं विचारते, रविवारी जेवण झाल्यावर काय करता? लाइट गेली की काय करता? लहानपणी काय करायचा? मग बघा कशी यादी होते ती. भजनी मंडळ, रांगोळी, लोकरीची तोरणं, कॅरम, पत्ते, कुस्ती बघायला जाणं, गॅलरीतल्या कुंड्या, सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरणं, कबूतरं पाळणं. मेडिकलमधला पोरगा सुट्टीच्या दिवशी हिप्परगा तलावावर पक्षी बघायला जातो आणि नान्नजला माळढोक बघायची त्याची फार इच्छा आहे, हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं, ते या यादीमुळे कळलं. बर्डवॉचिंग हा शब्द त्याला एकदाच सांगावा लागला.

ही यादी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, जशी येईल तशी फळ्यावर घ्या. पुस्तकातले स्कीइंग, स्कूबा डायव्हिंग वगैरे सरळ काढून टाका. जे आपण कधी केलं नाही, करणार नाही, करणारा कुणी माहीत नाही, त्याचं इंग्लिश कशाला लक्षात राहील? यादीतले आठ ते दहा शब्द निवडा, एका कोड्याला तेवढे पुष्कळ होतात.

काही शब्दांना इंग्लिश हुडकत बसू नका. रांगोळी, भजन, तबला, कॅरम तसेच राहतात, फक्त त्यांच्यासोबतचं क्रियापद द्या. पतंग उडवणं म्हणजे फ्लाय काइट्स, कबूतरं पाळणं म्हणजे कीप पिजन्स, भजनी मंडळात गाणं म्हणजे सिंग इन अ भजन ग्रुप.

२. एका मराठी शब्दामागे किती इंग्लिश शब्द आहेत ते आधी तपासा

याच्यात मी सगळ्यात जास्त अडकले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण चादर विणतो, स्वेटर विणतो, क्रोशानं रुमाल विणतो, सगळीकडे विणणंच. इंग्लिशमध्ये चादर मागावर होते ते वीव्ह, दोन सुयांवर लोकरीचं होतं ते निट, एका आकड्याच्या सुईचं ते क्रोशे. सोलापूरसारख्या गावात हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण इथं वीव्हिंग हा बहुतेकांचा धंदा आणि निटिंग हा छंद. मी एकदा कोड्यात नुसतं 'विणणे' असं सूत्र, म्हणजे शब्द ओळखायची खूण, दिलं होतं आणि टॉवेलच्या कारखान्यातल्या दोघांनी वीव्ह लिहिलं, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, माझं सूत्र चुकलं होतं. गंमत म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या बायकांना हा फरक लगेच कळला, कारण तेलुगूत मागावरचं काम म्हणजे नेत आणि लोकरीचं विणकाम म्हणजे अल्लिक, दोन वेगळे शब्द आहेतच. मी मग त्यांनाच समजावून सांगायला लावलं. तुमच्या वर्गात दोन-तीन भाषा असतील तर त्याचा असा उपयोग करून घ्या.

उलटंही होतं. आपण क्रिकेट खेळतो आणि तबला वाजवतो, इंग्लिशमध्ये दोन्हीला प्लेच. आपल्या लोकांना तबल्याला प्ले लावायला विचित्र वाटतं, म्हणून तो शब्द कोड्यात मुद्दाम घाला.

शिवणकामाला आपल्याकडे सर्रास स्टिचिंग म्हणतात. बाहेर कुणाला छंद सांगायचा तर सोइंग म्हणायचं. आणि हा सोइंग ऐकायला अगदी पेरणीच्या सोइंगसारखाच आहे, फक्त शिवणात एस नंतर ई येतो आणि पेरणीत ओ. उत्तर सोलापूरकडून येणाऱ्या एका दादांनी शेतीचं सांगताना शिवणाचं स्पेलिंग लिहिलं होतं, तेव्हापासून हे दोन शब्द मी आठवड्याच्या अंतरानं शिकवते.

हे अंतर ठेवणं नुसतं माझ्या मनाचं नाही. परकी भाषा शिकण्यावर संशोधन करणाऱ्या टिंकहॅम यांनी १९९३ साली आणि मग वॉरिंग यांनी १९९७ साली यावर प्रयोग केले होते, एकाच गटातले जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकदम दिले की ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो असं त्यांना दिसलं. म्हणून निट, वीव्ह, सोइंग, एम्ब्रॉयडरी एकाच कोड्यात कोंबू नका. एक आज, बाकीचे नंतर. आजच्या कोड्यात शिवणाबरोबर कॅरम, बागकाम, गाणं, पोहणं असं लांबलांबचं घ्या.

३. कोड्याच्या आधी शब्द तोंडात येऊ द्या

कोडं हे उजळणीसाठी असतं, ओळख करून द्यायला नाही. आधी शब्द बोला, वस्तू दाखवा, सुया-लोकर, कॅरमची सोंगटी, पत्ते, जे घरात असेल ते. सगळ्यांनी दोन-तीनदा म्हणू द्या, मग स्पेलिंग. न बोलली जाणारी अक्षरं मी रंगीत खडूनं लिहिते, निटिंगमधला के, रायटिंगमधला डब्ल्यू, क्लायंबिंगमधला बी, आणि रेसलिंगमध्ये तर डब्ल्यू आणि टी दोन्ही गप्प. कुस्तीचा शब्द आमच्या वर्गात सगळ्यात आधी पाठ झाला, अवघड असूनही, कारण दोघांना कुस्तीचं वेड आहे.

इंग्लिश अक्षरांची नावं पण या वेळी एकदा घ्या. आपल्याकडे ई आणि आय यांची कायम अदलाबदल होते, कारण मोबाइलवर मराठी टाइप करताना आपण इ-ईसाठी आय दाबतो. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला व, त्यामुळे स्विमिंगमध्ये हमखास व्ही येतो.

४. खोक्यात काय बसतं हे आधी समजावून सांगा

हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही आणि आपल्या लोकांसाठी ते सगळ्यात पहिलं आहे. एसटीवाले काका रोज पेपरातलं मराठी शब्दकोडं सोडवतात, मला वाटलं त्यांना इंग्लिश कोडं सहज जमेल. त्यांनी पहिल्या खोक्यात सी, आर, आय तिन्ही लिहिले, दुसऱ्यात सी, के, ई आणि तिसऱ्यात टी, आणि म्हणाले चार खोकी उरली. त्यांचं बरोबरच होतं हो. मराठी कोड्यात 'क्रिकेट' हा शब्द क्रि, के, ट अशा तीन खोक्यांत बसतो, काना-मात्रा जोडाक्षरासकट एक अक्षर एका खोक्यात. इंग्लिशमध्ये त्याला सात खोकी लागतात.

म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढा, वर मराठी तीन खोकी, खाली इंग्लिश सात. पाच मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी मी त्यांना सांगते की आडव्या-उभ्या शब्दांचं हे कोडं आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या माणसानं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिल्यांदा छापलं, तेव्हा त्याचा आकार चौरस नव्हता, पतंगासारखा होता आणि नाव होतं वर्ड-क्रॉस. पेपरातल्या कोड्याला शंभराहून जास्त वर्षं झालीत हे ऐकून लोकांना बरं वाटतं, आपण लहान मुलांचा खेळ खेळतोय असं वाटत नाही. मोठ्यांच्या वर्गात हे वाटणं फार महत्त्वाचं आहे.

सगळं कॅपिटलमध्येच लिहून घ्या. दुकानाच्या पाट्या, बसचे बोर्ड वाचून बहुतेकांना कॅपिटल येतं, छोट्या बी-डी, पी-क्यू मध्ये गडबड होते, ती कोड्यात नको.

५. कोडं आखायची सोपी पद्धत: एक कणा, बाकीचे लटकवा

पेपरासारखं दाट कोडं करायला जाऊ नका. एक लांब शब्द आडवा लिहा आणि एक सोडून एक अक्षरातून उभे शब्द काढा. माझं पहिलं जमलेलं कोडं असं होतं. आडवा शब्द गार्डनिंग, नऊ खोकी. तिसरं अक्षर आर, तिथून खाली रीडिंग. पाचवं ई, तिथं सोइंग, त्याचा एस एक घर वर जातो. सातवा आय, तिथं कुकिंग, त्याची पहिली चार अक्षरं वर. नववा जी, तिथं सिंगिंग, तीन अक्षरं वर, तीन खाली. मध्ये एकेक उभी रांग मोकळी राहते त्यामुळे शब्द एकमेकांना चिकटत नाहीत.

आता याच्यातली फसगत बघा. पाचही शब्दांच्या शेवटी आय-एन-जी. वर्गातल्या हुशार पोरीनं पहिल्या मिनिटात सगळ्या शब्दांची शेवटची तीन खोकी भरून टाकली, सूत्रं न वाचता. सोइंगमध्ये तर सहातली तीन अक्षरं अशी फुकट गेली. म्हणून आय-एन-जी वाली आणि साधी कोडी आलटून पालटून द्या. साध्यासाठी माझा आवडता कणा म्हणजे बॅडमिंटन, नऊ अक्षरं. पहिल्या बी मधून तबला, तिसऱ्या डी मधून डान्स, पाचव्या आय मधून निट, सातव्या टी मधून काइट, नवव्या एन मधून पेंट. वहीत आखून बघा, बरोबर बसतं.

पण आय-एन-जी टाळू पण नका, कारण स्पेलिंगचे नियम शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. स्विमिंगमध्ये दोन एम लागतात हे तोंडानं दहा वेळा सांगून जमत नाही, पण आठ खोकी असतात आणि माणूस सातच अक्षरं लिहितो तेव्हा एक खोकं रिकामं राहतं, आणि ते रिकामं खोकंच सांगतं की कुठंतरी चुकलंय. डान्सिंगमध्ये उलटं, सात खोकी आणि डान्सचा ई तसाच ठेवला की एक अक्षर बाहेर राहतं. सायकलिंगचं पण तसंच. माणूस स्वतः चूक शोधतो, मला लाल पेन काढावा लागत नाही.

६. सूत्रं लिहिताना वेळ घालवा

कोड्यातलं खरं इंग्लिश सूत्रात असतं. खोकी आखायला दहा मिनिटं पुरतात, सूत्रांना अर्धा तास द्या.

पहिले दोन आठवडे मराठी सूत्र चालेल, किंवा चित्र. त्यानंतर इंग्लिशच, पण वर्गाला आधीच येणाऱ्या शब्दांत. 'यू नीड वूल अँड टू नीडल्स', 'यू डू इट इन वॉटर', 'फोर पीपल कॅन प्ले धिस ऑन अ बोर्ड'. डिक्शनरीतली व्याख्या जशीच्या तशी उचलू नका, तिच्यात एक तरी नवा शब्द असतो आणि मग लोक शब्द सोडून सूत्राचाच अर्थ विचारत बसतात.

प्रत्येक सूत्राला उत्तर एकच निघतंय ना ते घरात कुणाला तरी विचारून तपासा. मी माझ्या मुलीला देते, तिनं दुसरा शब्द सांगितला की सूत्र बदलते. आणि सूत्रं गावातली घाला, 'पीपल डू धिस निअर सिद्धेश्वर लेक एव्हरी मॉर्निंग' असं आलं की सगळ्यांचं डोकं वर येतं.

७. अर्धं-अर्धं कोडं: एवढं एक तरी कराच

वेळ कमी असेल आणि एकच प्रकार करायचा असेल तर हा करा. एकच कोडं, त्याच्या दोन प्रती. अ प्रतीत आडवे शब्द भरलेले, उभे रिकामे. ब प्रतीत उभे भरलेले, आडवे रिकामे. सूत्रं कुठंच छापायची नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, कागद छातीशी धरायचा. एक विचारतो, 'व्हॉट इज थ्री डाउन?' आणि दुसऱ्यानं तो शब्द न उच्चारता, मराठी न वापरता, समजावून सांगायचं. म्हणजे सूत्र आता शिकणारा माणूसच बनवतो.

यासाठी कण्याची पद्धत चालत नाही, आडवे पण चार-पाच शब्द पाहिजेत, तेव्हा इथं पझलमेकरची मदत घ्या.

फळ्यावर वाक्यांच्या सुरुवाती लिहून ठेवा: इट्स अ गेम, यू नीड, यू डू इट विथ, यू डू इट इन, आणि 'हाऊ डू यू स्पेल इट'. हे नसेल तर पहिल्या मिनिटात सगळे मराठीवर येतात. हातवारे चालतील. आमच्याकडे एका मावशींनी फिशिंग समजावताना गळ टाकायची इतकी छान नक्कल केली की सगळे बघत राहिले, पण नंतर त्यांना वाक्य पण म्हणायला लावलं, 'यू नीड अ लॉन्ग स्टिक अँड वॉटर'. वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. एकाला जास्त येतं एकाला कमी अशा जोड्या लावा, पण नवऱ्या-बायकोची जोडी लावू नका, ते एकमेकांना उत्तरच सांगून टाकतात.

आणि शर्यत लावू नका. सुरुवातीला मी आधी सोडवेल त्याला चॉकलेट द्यायचे. दोन बायका त्यानंतर यायच्या बंद झाल्या. त्यातल्या एकीनं नंतर सांगितलं, शाळेत पण मी शेवटचीच असायचे मॅडम. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

८. बाकीचे प्रकार, आणि कुठं फसतात

*अक्षरांच्या चौकटीत शब्द शोधणं.* करायला सगळ्यात सोपं आणि शिकवायला सगळ्यात कमी उपयोगाचं. दहा शब्द सात मिनिटांत सापडले, मग मी विचारलं एम्ब्रॉयडरी म्हणजे काय, कुणालाच सांगता येईना, त्यांनी नुसती अक्षरं जुळवली होती. द्यायचंच असेल तर खाली शब्दांची यादी देऊ नका, सूत्रं किंवा चित्रं द्या. शब्द फक्त डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. तिरपे, उलटे नकोत, ज्यांना ही लिपीच नवी आहे त्यांना उलटा शब्द दाखवणं म्हणजे चुकीचं स्पेलिंग दाखवणं. कॉम्प्युटरनं केलं असेल तर उरलेल्या खोक्यांत आपोआप कुठला लाजिरवाणा शब्द तयार झालाय का ते झेरॉक्स काढायच्या आधी बघा.

*स्वर गाळलेले शब्द.* ए, ई, आय, ओ, यू काढून उरलेली अक्षरं द्यायची. मजा येते, पण आर-डी-एन-जी म्हणजे रीडिंग पण होतं आणि रायडिंग पण. एस-डब्ल्यू-एन-जी मध्ये शिवण, पेरणी आणि झोका तिन्ही बसतात. मुद्दाम दिलं तर उत्तम धडा होतो, चुकून दिलं तर वाद होतो.

*अक्षरं उलटसुलट.* गार्डन आणि डेंजर ही तीच सहा अक्षरं आहेत, हे फळ्यावर दाखवलं की सगळे खूश. पण अगदी नवख्यांना हा प्रकार देऊ नका, आधीच स्पेलिंग पक्कं नसतं.

*पाच अक्षरी शब्द ओळखा.* जॉश वॉर्डल यांचं वर्डल मोबाइलवर फार चाललं, २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ते विकत घेतलं. तेच फळ्यावर करा. पाच खोकी, सहा संधी, अक्षर जागेवर बरोबर असेल तर हिरवा खडू, शब्दात आहे पण जागा वेगळी तर पिवळा. म्युझिक, डान्स, पेंट, तबला, कार्ड्स, चेस सगळे पाच अक्षरी आहेत. क्लासच्या शेवटी दहा मिनिटं उरली की हे.

९. प्ले, गो, डू: इथं खोकी नकोत, गाळणी पाहिजे

छंदाचा शब्द आला तरी त्याच्या आधी काय लावायचं ते कळत नाही, 'प्ले योगा', 'डू क्रिकेट' होतं. यासाठी तीन रकाने आणि वीस चिठ्ठ्या. प्ले खाली खेळ आणि वाद्यं: क्रिकेट, चेस, कॅरम, कार्ड्स, तबला, हार्मोनियम. गो खाली जिथं जाऊन करायचं आणि शेवटी आय-एन-जी आहे ते: स्विमिंग, सायकलिंग, ट्रेकिंग, फिशिंग. डू खाली योगा, कराटे, एम्ब्रॉयडरी, आणि क्रॉसवर्ड पण, 'आय डू क्रॉसवर्ड्स'. मग रीडिंगची चिठ्ठी मुद्दाम घाला. ती गो मध्ये जात नाही, घरात बसून करायची गोष्ट आहे, ती नुसतीच 'आय रीड' किंवा 'आय लाइक रीडिंग'. ही चिठ्ठी कुठं ठेवायची यावर आमच्याकडे जी चर्चा होते तीच या खेळाची कमाई.

असंच 'इ-आर' चं. पेंटर, सिंगर, डान्सर झालं की सगळे स्वयंपाक छान करणाऱ्या बाईला कुकर म्हणतात. कुकर ही शिट्टीवाली वस्तू, माणूस तो कुकच. सायकलवाला सायक्लिस्ट. वेगळा कोण ते ओळखा, असं चार-चार शब्दांचं कोडं करा.

१०. कोडं झाल्यावर पंधरा मिनिटं राखून ठेवा

कोडं संपलं की कागद उलटा करायला सांगा आणि प्रत्येकानं त्यातले दोन शब्द वापरून स्वतःबद्दल बोलायचं, एक करतो ते आणि एक करत नाही ते. इथं दोन चुका हमखास येतील. 'आय एन्जॉय टू रीड' म्हणतात, तिथं 'एन्जॉय रीडिंग' पाहिजे. आणि 'गुड इन क्रिकेट' म्हणतात, तिथं 'गुड ॲट'. बोलताना मध्येच तोडू नका, सगळ्यांचं झालं की फळ्यावर लिहा.

तेच शब्द दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा आणा, सूत्रं बदलून. आमच्याकडे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत क्लास अर्धा रिकामा होतो, तेव्हा मी नवीन काही शिकवतच नाही, जुनी कोडी बाहेर काढते. तुमच्या गावच्या सणावारांचा असाच हिशेब आधी करून ठेवा.

दीड-दोन महिने झाले की कोडी त्यांनाच करू द्या. चौकटीची वही हातात द्या आणि कणा तेवढा सांगा. आमच्या एसटीवाल्या काकांनी मागच्या दिवाळीत स्वतःच्या आवडीचं सात शब्दांचं कोडं आखलं, सूत्रं लिहिली, फोटो काढून नातवाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. उभा तीन नंबरचा शब्द होता पिजन. नातवानं सगळं सोडवून पाठवलं आणि खाली विचारलं, 'आजोबा, डू यू कीप पिजन्स?' काकांची कबूतरं होती, पण ती पन्नास वर्षांपूर्वी, वाड्याच्या माळवदावर. दुसऱ्या दिवशी ते क्लासला अर्धा तास लवकर आले आणि म्हणाले, आता ठेवत नाही पण तेव्हा ठेवायचो, हे कसं म्हणायचं ते आधी सांगा. तेव्हा 'यूज्ड टू' पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवू नका, पुस्तकात ते कितीही मागे असलं तरी. मोठ्या माणसांचे निम्मे छंद असे जुन्या काळातले असतात, आणि त्याबद्दलच त्यांना जास्त बोलायचं असतं.